बाजारात सोडलेला बाप

सोमाजी गुरनुले एम.ए.ला बसले ही बातमी आरमोरीत एका सकाळीच पसरली, एम.ए. कशात, हे समजावून सांगण्यात मात्र त्यांचं अख्खं वर्ष गेलं.

पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेला माणूस साधारणपणे सकाळी फिरायला जातो, पेपर वाचून सरकारला नावं ठेवतो आणि भाजीवाल्याशी घासाघीस करतो. सोमाजींनी हे सगळं काही महिने मनापासून करून पाहिलं. मग एक दिवस विद्यापीठाची जाहिरात वाचून ते गडचिरोलीला गेले आणि ‘सामुदायिक रंगभूमी’ या विषयाला नाव नोंदवून आले. तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीच्या एका नाटकात शिपायाचं काम केलं होतं. त्यात त्यांना एकच वाक्य होतं आणि तेही दुसऱ्याच्या टाळीत बुडालं होतं, असं ते सांगत. वच्छलाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे टाळी वगैरे काही नव्हती. ते वाक्यच विसरले होते.

समोर राहणारे जलालुद्दीन भाई मंडप-डेकोरेशनवाले. त्यांना हा सगळा प्रकार धंद्याच्या अंगाने समजून घ्यायचा होता.

“नाटकच करायचं आहे तं करा ना भाऊ. मंडप माझा, पडदा माझा. याच्यासाठी कॉलेज काऊन?”

“भाई, आमच्या नाटकात मंडप नसतो.”

“बरं, पडदा?”

“पडदा नाही. स्टेजही नाही.”

जलालुद्दीन भाईंनी दाढी खाजवली. “मंग नाटक असते कुठी?”

“लोकांमध्ये.”

“म्हणजे माझा धंदा बसला म्हणायचा,” असं म्हणून भाई उठून गेले. तेव्हापासून ते सोमाजींकडे जरा संशयानेच बघू लागले.

वर्गात सगळी पोरं-पोरी विशीतली. सोमाजी पहिल्या दिवशी आत शिरले तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला, आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसल्यावर कितीतरी वेळ कोणाला खाली बसावं की नाही हे कळेना. पुढे ओळख झाली, पण भूमिका ठरून गेल्या. म्हातारा बाप, म्हातारा आजा, लाच खाणारा साहेब. एकदा वडाचं झाड. एकदा प्रेत. प्रेताच्या कामाची मॅडमनी भर वर्गात तारीफ केली. घरी येऊन त्यांनी ती तारीफ वच्छलाबाईंना सांगितली.

“त्यात काय? दुपारी रोजच करता,” वच्छलाबाई म्हणाल्या.

तहसीन मॅडम चंद्रपूरच्या. उत्साही बाई. दुसऱ्या वर्षी त्यांनी ‘अदृश्य नाट्य’ नावाचा प्रकार शिकवायला घेतला. यात नट भर गर्दीत जाऊन एखादा प्रसंग करतात, पण हे नाटक आहे असं कोणाला सांगत नाहीत. लोक खरं समजून मध्ये पडतात, बोलतात, भांडतात, आणि समाजाचा प्रश्न समाजच सोडवतो. निदान पुस्तकात तरी सोडवतो.

“एकच नियम,” मॅडम म्हणाल्या. “काहीही झालं तरी हे नाटक आहे असं बोलायचं नाही. मी लांब उभी असेन. मी लाल छत्री उघडली की संपलं. तोवर भूमिका सोडायची नाही.”

नियम हा शब्द ऐकला की सोमाजींचा पाठीचा कणा आपोआप ताठ होई. उभी नोकरी त्यांनी शासन निर्णयावर काढली होती. ‘तोवर भूमिका सोडायची नाही’ हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात परिपत्रकासारखं वाचलं आणि आवक-जावकला चढवून टाकलं. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ इथे आहे.

प्रसंग ठरला तो असा: आरमोरीच्या आठवडी बाजारात दोन भाऊ म्हाताऱ्या बापाला कोण सांभाळणार यावरून भांडतात आणि शेवटी त्याला तिथेच सोडून निघून जातात. भाऊ म्हणजे वर्गातले प्रणित आणि सुरज. बाप कोण, हे विचारायची कोणाला गरजच वाटली नाही.

आता सार्वजनिक जागी नाटक करायचं म्हणजे परवानगी हवी. ती सोमाजींनी स्वतःकडे घेतली. त्यांनी तीन प्रतींत अर्ज केला. नाटकाचे नाव: अदृश्य. संहिता: नाही. कलाकारांची वेशभूषा: नेहमीची. तहसील कार्यालयातल्या बाबूने तो अर्ज दोनदा वाचला.

“गुरनुले साहेब, हे नाटक दिसणार नाई म्हणता?”

“दिसेल, पण नाटक म्हणून दिसणार नाही.”

“मंग परवानगी कशाची देऊ मी?”

आठवड्याने अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, ‘नाटक दिसत नसल्याने प्रकरण निकाली.’ सोमाजींना वाईट वाटलं, पण शेऱ्यात खोड काढता येईना. त्यांनी स्वतः लिहिला असता तरी असाच लिहिला असता.

बाजाराच्या दिवशी त्यांनी वच्छलाबाईंकडे घरातले सगळ्यात जुने, विटके कपडे मागितले. बाईंनी त्यांना आपादमस्तक पाहिलं.

“जे घातले आहेत तेच राहू द्या,” त्या म्हणाल्या.

मॅडमनीही बाजारात पाहिल्यावर कपडे अगदी भूमिकेला शोभणारे आहेत म्हणून अंगठा वर केला. मोबाइल, पाकीट आणि चष्मा सोमाजींनी मॅडमच्या पिशवीत ठेवला. बेवारस बापाकडे एवढा चांगला मोबाइल कसा असेल, असा प्रश्न प्रणितने काढला होता. पोरगा हुशार, पण त्या दिवशी जरा जास्तच हुशार ठरला.

नाटक मिरचीवाल्यांच्या ओळीत सुरू झालं.

“मी काऊन ठेवू याले? तू मोठा आहेस, तू ठेव!” सुरज ओरडला.

“माझ्या बायकोले जमत नाई म्हणून सांगतलं ना तुले!” प्रणितने उत्तर दिलं.

सोमाजी मध्ये उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. न बोलता उभं राहणं इतकं अवघड असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. हळूहळू त्यांना खरंच वाटायला लागलं की आपण या दोघांना खाऊ-पिऊ घातलं, शिकवलं, आणि आता हे दिवस आले. डोळ्यांत पाणी आलं. इतकं अस्सल पाणी आपल्या डोळ्यांत येतंय याचा त्यांना अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाने आणखी आलं.

गर्दी जमली. पुस्तकाप्रमाणे आता लोकांनी चर्चा करायची होती. लोकांनी चर्चा वगळली. एका मिरचीवालीने सुरजच्या पाठीत तागडीची दोरी घातली. कोणीतरी प्रणितच्या मानगुटीला धरलं. “बापाले बाजारात सोडता का रे?” असा एकच गलका झाला, आणि कॉलेजच्या दोन्ही पोरांनी भूमिका तिथेच टाकून धूम ठोकली. त्यांच्यामागे निम्मा बाजार धावला. उरलेला निम्मा मोबाइलवर चित्रण करत होता.

सोमाजी एकटे उभे राहिले. त्यांनी छत्री शोधली. चष्म्याशिवाय त्यांना सगळा बाजार धूसर रंगांचा ढीग दिसत होता, आणि उन्हामुळे अर्ध्या लोकांनी छत्र्या उघडल्याच होत्या. यातली मॅडमची कोणती? नियम तर स्पष्ट होता. ते तसेच उभे राहिले.

तेवढ्यात त्यांच्या मनगटाला कोणीतरी धरलं.

ती सोमारी. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या कोसमटोल्याची बाई, नवरा लालसूबरोबर चारोळी आणि मोहफुलं विकायला आली होती. वयाने सोमाजींपेक्षा थोडी लहान असेल, पण पकड भक्कम.

“चाल बाबा. आमच्या घरी चाल,” ती म्हणाली.

सोमाजींनी नकारार्थी मान हलवली. लालसूने त्यांच्या डोक्यावर आपला गमछा ठेवला आणि दुसरा हात धरला. दोघांनी मिळून त्यांना काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मधल्या सीटवर बसवलं. जीप भरलेलीच होती, पण त्यांच्यासाठी दोन जण टपावर गेले. गाडी सुटली, वळणावर जरा थांबली, आणि गर्दीच्या पलीकडे सोमाजींना एक लाल ठिपका उघडताना दिसला.

“संपलं! संपलं!” ते जोरात ओरडले.

सोमारीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “नाई संपलं रे बाबा. आमी आहोत ना.”

त्यांनी ड्रायव्हरला सांगून पाहिलं, शेजारच्या माणसाला सांगून पाहिलं. “हे नाटक होतं. ती माझी पोरं नाहीत. मी एम.ए. करतो आहे.” मागची एक बाई हळूच म्हणाली, “डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या.”

कोसमटोल्याला पोचल्यावर तिथे कोणाच्याच मोबाइलला रेंज नाही आणि जीप आता सकाळीच, असं कळलं. सोमारीने अंगणात खाट टाकली, पाय धुवायला पाणी दिलं आणि कोंबडी कापायला सांगितली. आपल्यासाठी कोंबडी कापली जातेय हे सोमाजींना बघवेना. त्यांनी लालसूला बाजूला घेऊन सगळं पहिल्यापासून, मुद्देसूद, टिपणीसारखं सांगितलं. विद्यापीठ, मॅडम, अदृश्य नाट्य, लाल छत्री.

लालसू नीट ऐकत होता. मध्ये मान डोलवत होता. शेवटी त्याने सोमारीला हाक मारली.

“अवो, हा बाबा म्हणते का ते पोट्टे त्याचे नाईच होते.”

सोमारीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बापच तो. पोट्ट्यायनं एवढं केलं तरी त्यायचं नाव खराब नाई होऊ देत.”

“बाई, मला एकच मुलगा आहे! नागपूरला! विम्याच्या कंपनीत मोठा साहेब आहे!”

“मंग तो कुठी होता?” सोमारीने विचारलं. “येते का घरी?”

“येतो ना. दिवाळीला.”

“आता कोणता महिना चालू हाय?”

सोमाजींनी ताट पुढे ओढलं. कोंबडी मात्र झकास झाली होती. अपराधी वाटत असताना माणूस इतकं जेवू शकतो, हा शोध त्यांना नवीन होता. गावातली माणसं एकेक करून येऊन त्यांना पाहून गेली. एक म्हातारा खाटेशेजारी बराच वेळ त्यांचा हात हातात धरून बसला. इतकी सहानुभूती सोमाजींना निवृत्तीच्या दिवशीही मिळाली नव्हती. तिथे तर त्यांचं आडनावसुद्धा प्रशस्तिपत्रावर चुकलं होतं.

इकडे आरमोरीत काय चाललं होतं ते त्यांना मागाहून कळलं. बाजारातलं चित्रण दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर गेलं होतं, ‘पाहा कलियुगातली लेकरं’ अशा मथळ्यासह. गुरनुले ओळखू येत होते. पोरं ओळखू येत नव्हती. त्यामुळे लोकांनी सोयीसाठी दिनेशला, म्हणजे त्यांच्या खऱ्या मुलाला धरलं. नागपुरात ऑफिसच्या बैठकीत असताना त्याला मामाचा फोन आला, मग चुलत्याचा, मग शाळेतल्या गुरुजींचा, आणि तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत त्याची लाज काढली. प्रणित आणि सुरज पोलीस ठाण्यात बसले होते. त्यांना पकडलं नव्हतं. बाहेर लोक होते म्हणून तेच आत जाऊन बसले होते.

मॅडमकडून सगळं कळल्यावर वच्छलाबाई जलालुद्दीन भाईंना घेऊन ठाण्यात गेल्या.

“काय तक्रार आहे? माणूस हरवला?” हवालदाराने विचारलं.

“हरवला नाई. एम.ए. करून राह्यला,” वच्छलाबाई म्हणाल्या.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. त्याच्या तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात हे बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवाल्याकडून ठावठिकाणा कळला. दिनेश रातोरात नागपूरहून निघून आला होता. जंगलातले रस्ते भाईंना ठाऊक, लग्नाचे मंडप घेऊन ते सगळीकडे फिरलेले. दोघं गाडीने कोसमटोल्याला पोचले तेव्हा गोटुलापुढे, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरापुढे, गाव जमलं होतं आणि मधल्या खाटेवर सोमाजी, डोक्यावर लालसूचा गमछा, हातात आंबिलीची वाटी, असे बसले होते.

“बाबा!” दिनेश धावत आला.

गावाने त्याला मध्येच अडवलं.

“तू कोन?” लालसूने विचारलं.

“मी त्यांचा मुलगा.”

एक मोठा हुंकार उठला. दिनेशने घाईघाईने सांगितलं, “म्हणजे, बाजारात होता तो मी नव्हे. ते नाटक होतं!”

“बापानंही हेच सांगतलं,” लालसू म्हणाला. “घरून पाठ करून आले वाटते दोघं.”

जलालुद्दीन भाई पुढे झाले. “मी शेजारी आहे यांचा. हा पोरगा चांगला आहे. तो खरंच नाटकाचा प्रकार होता.”

“स्टेज होता?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही.”

“पडदा?”

भाईंनी सोमाजींकडे असं पाहिलं की सोमाजींनी वाटीत तोंड खुपसलं. “पडदाही नव्हता,” भाई पडेल आवाजात म्हणाले.

“मंग कशाचं नाटक?” म्हाताऱ्याने विचारलं. “अन् शेजारी होऊन तुमी एवढे दिवस गप काऊन बसले?”

भाई दिनेशच्या शेजारी, आरोपीच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

मग सोमारी उठली. गावाच्या वतीने तिने अट सांगितली. बाप असाच देणार नाही. पोराने सगळ्यांसमोर कबूल करावं, मग न्यावा.

“म्हण, बापाले कधी बाजारात सोडणार नाई.”

दिनेशने बापाकडे पाहिलं. रात्रभर झोप नाही, शर्ट चुरगळलेला, ओठ कोरडे. “बाबांना कधी बाजारात सोडणार नाही,” तो म्हणाला.

“घरी येऊन भेटत जाईन.”

“घरी येऊन भेटत जाईन.”

“कधी?”

दिनेश गोंधळला. “दर… दोन महिन्यांनी.”

“नागपूर हाय का अमेरिका?”

गाव हसलं. “महिन्याने,” दिनेश म्हणाला.

“महिना लांब हाय.”

आता खरं म्हणजे सोमाजींनी मध्ये पडायला हवं होतं. कालपासून घसा फोडून ते हेच सांगत होते की हे नाटक आहे. मुलाची नोकरी त्यांना माहीत होती, शनिवारच्या बैठका माहीत होत्या, सूनबाईची बदली माहीत होती. ‘त्याला कामं असतात’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयारच असे. बायकोला ते कितीतरी वेळा त्यांनीच ऐकवलं होतं. पण या वेळी त्यांनी फक्त आंबिलीचा एक घोट घेतला.

“पंधरा दिवसांनी,” दिनेश म्हणाला. “येईन मी. खरंच येईन, बाबा. मला ते बघून… काल मला तो व्हिडिओ बघून श्वासच घेता येईना. आपलं असं काही नाही ना?”

दोन वर्षं अभिनय शिकलेल्या सोमाजींना हे कुठल्या खात्यात टाकावं ते कळेना. त्यांनी फक्त खाटेवर जरा सरकून मुलासाठी जागा केली. दिनेश येऊन बसला. लालसूने त्यालाही वाटी दिली.

निघताना सोमारीने चारोळीची पुडी गाडीत ठेवली आणि काच खाली करायला लावून दिनेशला सांगितलं, “पाहाले येईन मी.”

परीक्षेचं जे व्हायचं ते झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की प्रयोग कुठे झाला, आणि मॅडमना ते सांगता येईना, कारण अर्धा बाजारात, अर्धा जीपमध्ये आणि उरलेला जंगलात झाला होता. शेवटी मोबाइलवरचं चित्रण दाखवण्यात आलं. प्रणित आणि सुरजला वरची श्रेणी मिळाली. मार खाताना त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव अत्यंत जिवंत आहेत, असं परीक्षकांचं मत पडलं. सोमाजींना बेताचे गुण मिळाले. ‘अभिनय दिसत नाही’ असा शेरा होता. ही निंदा की स्तुती, यावर त्यांनी मॅडमकडे लेखी खुलासा मागितला आहे. तो अजून आलेला नाही.

पुढे एका बाजाराच्या दिवशी सकाळीच दारात सोमारी आणि लालसू उभे. सोमारीने चपला बाहेर काढल्या, आत आली, स्वयंपाकघर पाहिलं, सोमाजींचा पलंग दाबून पाहिला, वच्छलाबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खुर्चीत बसून तिने विचारलं, “पोट्टा कुठी हाय?”

सोमाजींनी पुन्हा एकदा सगळं समजावून सांगायला तोंड उघडलं. विद्यापीठ, मॅडम, अदृश्य नाट्य. वच्छलाबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि दिनेशला फोन लावला.

“दिनेश, त्या कोसमटोल्याच्या बाई आल्या आहेत. तू कुठे आहेस म्हणून विचारतात.”

दिनेश म्हणाला, “शनिवारी येतोय म्हणून सांग. नको, थांब, शुक्रवारी संध्याकाळीच निघतो.”

शुक्रवारी तो आला. दोन रात्री राहिला, बापाबरोबर चहा प्यायला बाजारात गेला, आणि मिरचीवालीने बापाला ओळखून लेकाला दोन शिव्या आणि मूठभर मिरच्या फुकट दिल्या.

पण ते नंतरचं. त्या सकाळी फोन ठेवून वच्छलाबाई आत गेल्या, पोहे घेऊन आल्या, आणि सोमारीच्या हातात ताटली देता देता म्हणाल्या, “बाई, येत जा. बाजार नसला तरी येत जा.”